समृद्ध हवा आणि हौशी पाणबुड्या

कांहीं नांवेंच अशीं असतात, कीं तीं कानीं पडतांच माणसाचा हात खिशाकडे जातो. 'समृद्ध हवा' हें त्यांपैकींच एक होय. समुद्रांत हौसेनें बुडी मारणाऱ्यांच्या जगांत आज हें नांव सर्वतोमुखीं झालें आहे. पाणबुड्यांच्या टाक्या जेथें भरून मिळतात, तेथें पुष्कळदां दोन प्रकारच्या टाक्या मांडलेल्या दिसतात. एक साध्या हवेची. दुसरी हिरव्या-पिवळ्या पट्ट्याची, 'नायट्रॉक्स' अशीं अक्षरें असलेली आणि बहुधा थोडे अधिक दाम मोजून घ्यावयाची. नवखा मनुष्य साहजिकच समजतो, कीं सायीचें दूध महाग, तशीच ही कसदार हवा महाग. हिच्या जोरावर अधिक खोल जातां येईल, अधिक वेळ राहतां येईल, आणि वर आल्यावर थकवाही वाटणार नाहीं. या तीन अपेक्षांपैकीं पहिली सर्वस्वीं उलटी आहे, दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिसरी अद्याप सिद्ध व्हावयाची आहे. पैकीं पहिली समजूत जिवावर बेतणारी असल्यामुळें या विषयाचा थोडा निवांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

मनुष्य जी हवा श्वासावाटे घेतो, तिच्या शंभर भागांत सुमारें एकवीस भाग प्राणवायु व अठ्ठ्याहत्तर भाग नत्रवायु असतो. उरलेला एक भाग इतर किरकोळ वायूंचा. शरीराला काम पडतें तें प्राणवायूशीं. नत्रवायु आला तसा परत जातो, आणि जमिनीवर त्याची कोणी विचारपूसही करीत नाहीं. पाण्याखालीं मात्र हा निरुपद्रवी पाहुणा मुक्काम ठोकून बसतो. समुद्रांत दर दहा मीटरांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे पृष्ठभागावर एक वातावरण, दहा मीटरांवर दोन आणि तीस मीटरांवर चार. पाठीवरच्या टाकींतून येणारी हवा त्या त्या खोलीच्या दाबानेंच फुप्फुसांत शिरते. नाहीं तर छाती फुलविणेंच अशक्य होतें. दाब जितका अधिक, तितका नत्रवायु रक्तांत आणि तेथून स्नायु, चरबी व मज्जा यांत अधिक विरघळत जातो. पाणबुड्या खालीं असेपर्यंत त्याला याचा पत्ताही नसतो. तो घाईनें वर आला, कीं सोडावॉटरच्या बाटलीची गोटी आंत ढकलल्यावर जें होतें, तेंच त्याच्या देहांत होतें. बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, क्वचित् पाय लुळे पडतात, क्वचित् प्राणही जातो. या विकाराला पाणबुडे 'बेंड्स' म्हणतात.

पाणबुड्यांच्या कितीतरी आधीं हा विकार मजुरांनीं भोगला. नदीच्या तळाशीं पुलाचा पाया खणण्यासाठीं दाबलेल्या हवेनें भरलेल्या मोठ्या पेट्यांत ते उतरत आणि बाहेर आल्यावर वेदनांनीं वांकडे होत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य इंजिनियर वॉशिंग्टन रोबलिंग यालाही १८७२ सालीं याच विकारानें अंथरुणाला खिळविलें. पुढें त्याच्या सूचना कामावर पोहोंचविण्याचें आणि त्याच्या वतीनें कारभार पाहण्याचें काम त्याची पत्नी एमिली हिनें वर्षानुवर्षें केलें. पुलाचा इतिहास सांगतांना त्या बाईंना पूर्वीं मिळे त्याहून मोठें स्थान आज दिलें जातें, हें योग्यच झालें.

नत्रवायूचे बुडबुडे हेंच या दुखण्याचें मूळ, हें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. त्यानंतर तीस वर्षांनीं जॉन स्कॉट हॉल्डेन यानें दोघां सहकाऱ्यांसह बकऱ्यांवर प्रयोग केले आणि किती खोलीवर किती वेळ राहिल्यास वर येतांना कोठें किती थांबावें याचीं कोष्टकें १९०८ सालीं प्रसिद्ध केलीं. आजचा हौशी पाणबुड्या मनगटावर जें छोटें गणकयंत्र बांधतो, त्याच्या पोटांतला हिशेब बहुतांशीं याच घराण्याचा आहे. हौशी मंडळींचा नियम साधा आहे: मधें न थांबतां सरळ वर येतां येईल इतकाच वेळ खालीं राहावयाचें. एका सुप्रसिद्ध कोष्टकाप्रमाणें ही मुदत अठरा मीटरांवर ५६ मिनिटें, पंचवीस मीटरांवर २९ मिनिटें आणि तीस मीटरांवर अवघीं २० मिनिटें आहे. खोली थोडी वाढली, कीं वेळ किती झपाट्यानें आटतो, हें या तीन आंकड्यांवरून ध्यानांत यावें.

आतां जो त्रास देतो त्या नत्रवायूचा हवेंतील वाटाच कमी केला तर? समृद्ध हवेची सारी कल्पना या एका प्रश्नांत सामावलेली आहे. नत्र काढून त्याच्या जागीं प्राणवायु घालावयाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश आरमारानें अशीं मिश्रणें वापरलीं होतीं. पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय सागर व वातावरण खात्यांत, ज्याला संक्षेपानें 'नोआ' म्हणतात, मॉर्गन वेल्स यांनीं शास्त्रज्ञ-पाणबुड्यांसाठीं शेंकडा बत्तीस भाग प्राणवायूचें मिश्रण निश्चित केलें, आणि १९७९ सालीं त्या खात्याच्या पाणबुडीविषयक ग्रंथांत त्याची पद्धति छापली गेली. त्याच खात्यांत काम केलेले डिक रुटकोव्स्की यांनीं १९८५ पासून फ्लोरिडांत ही विद्या हौशी लोकांना शिकविण्यास आरंभ केला. तेव्हां या धंद्यांतील प्रतिष्ठित मंडळींनीं मोठा गहजब केला. समृद्ध हवेला चेटकाचा वायु म्हणून हिणविण्यांत आलें, आणि १९९० नंतरचीं कांहीं वर्षें हा वाद फार कडवटपणें चालला. अखेर १९९६ सालीं पॅडी या मोठ्या शिक्षणसंस्थेनेंच तिचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि विरोधाचा आवाज हळूहळू विरला. विरोधकांचा कांगावा अतिरेकी होता, हें खरें. परंतु त्यांची भीति अगदींच निराधार होती असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तें पुढें येईलच.

प्रथम लाभाचा हिशेब पाहूं. तीस मीटरांवर एकंदर दाब चार वातावरणांचा. प्राणवायु सोडून बाकीचा सारा वायु नत्र धरला, तर साध्या हवेंत नत्राचा वाटा शेंकडा ७९; म्हणजे त्याचा दाब ३.१६ वातावरणें झाला. बत्तीस टक्क्यांच्या मिश्रणांत नत्र ६८ टक्केच. त्याचा दाब २.७२ वातावरणें. साध्या हवेवर असणाऱ्या माणसाला नत्राचा इतकाच दाब साडेचोवीस मीटरांच्या जरा अलीकडे सोसावा लागतो. अर्थात् समृद्ध हवा घेणारा पाणबुड्या तीस मीटरांवर असला, तरी नत्राच्या दृष्टीनें तो पंचवीस मीटरांच्या आंतच आहे, आणि त्यानें कोष्टकांत पंचवीस मीटरांची ओळ वाचावी. वीस मिनिटांचीं एकोणतीस मिनिटें झालीं. हिला समतुल्य खोली म्हणतात. छत्तीस टक्क्यांचें मिश्रण घेऊन पंचवीस मीटरांवर राहणाऱ्याला हीच युक्ति वीस मीटरांची ओळ देते, आणि २९ च्या ठिकाणीं ४५ मिनिटें पदरांत पडतात. एका बुडीनंतर शरीरांत शिल्लक राहणारा नत्रही कमी, म्हणून दुपारच्या दुसऱ्या व संध्याकाळच्या तिसऱ्या बुडीला हा लाभ अधिकच जाणवतो. आठवडाभर नावेवर मुक्काम करून रोज तीन-चार बुड्या मारणाऱ्यांना समृद्ध हवा प्रिय वाटते, ती यासाठींच.

येथवरची गोष्ट गोड आहे. परंतु पॉल बेरनें त्याच ग्रंथांत आणखी एक शोध नमूद केला होता: प्राणवायूचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला, कीं तोच विष होतो. ज्यावांचून घटकाभर जगतां येत नाहीं, तो वायु मेंदूला झटके आणतो. याचा कसून अभ्यास केनेथ डोनाल्ड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरानें महायुद्धाच्या काळांत स्वयंसेवक पाणबुड्यांवर केला आणि १९४७ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्याला आढळलें तें चक्रावून सोडणारें होतें. एकाच दाबाखालीं एकाला कांहीं मिनिटांत झटके येत, तर दुसरा दीर्घ काळ सुखरूप राही. आणि आज टिकलेला तोच मनुष्य उद्यां टिकेल याची शाश्वती नव्हती. कोरड्या कोठडींत जें सोसवे, तें पाण्यांत सोसवत नसे. आणि कष्टाचें काम करतांना तर आणखीच कमी सोसवे. बकऱ्यांवर प्रयोग करणाऱ्या हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनींही त्या काळांत स्वतःच्याच देहावर असे प्रयोग केले, आणि एका झटक्यांत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना इजा झाली. हेच प्राध्यापक पुढें १९५७ सालीं भारतांत येऊन राहिले, येथील नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. धोतर-झब्बा नेसलेल्या त्या वृद्ध इंग्रजाला पाहिलेल्यांपैकीं किती जणांना त्यांच्या त्या जुन्या दुखापतीचें कारण ठाऊक असेल कोण जाणे!

नत्र आणि प्राणवायु यांच्या उपद्रवांत एक मोठा भेद आहे. नत्र हा सावकारासारखा आहे. तो हिशेब ठेवतो, मुदत देतो, आणि वेळेवर हप्ते फेडले तर बहुधा सोडूनही देतो. प्राणवायु मुदत देत नाहीं. कधीं ओठ फुरफुरतात, नजर नळींतून पाहिल्यासारखी आकसते, कानांत गुणगुण होते, मळमळतें. पण पुष्कळदां यांतलें कांहींच न होतां एकदम झटका येतो. झटका स्वतः सहसा प्राण घेत नाहीं. जमिनीवर तो कांहीं वेळानें ओसरतो आणि मनुष्य पूर्ववत् होतो. पाण्याखालीं तोंडांतली नळी सुटते आणि तो बुडून मरतो, इतकाच फरक. म्हणून हौशी पाणबुड्यांसाठीं प्राणवायूच्या दाबाची मर्यादा १.४ वातावरणें ठरविलेली आहे, १.६ हा आंकडा केवळ अडीअडचणीसाठीं राखलेला. 'नोआ'च्या नियमाप्रमाणें १.४ वर एका बुडींत १५० मिनिटें चालतात, तर १.६ वर ४५ मिनिटेंच.

आतां पहिल्या भ्रमाचा निकाल लागतो. साध्या हवेंतील प्राणवायु १.४ वातावरणांपर्यंत पोहोंचण्यास छप्पन्न मीटर खोल जावें लागतें, आणि हौशी लोकांची कमाल मर्यादा चाळीसच मीटर असल्यामुळें साध्या हवेवर हा प्रश्न त्यांना भेटतच नाहीं. बत्तीस टक्क्यांच्या मिश्रणाला मात्र तेहेतीस मीटरांवर कुंपण पडतें, छत्तीस टक्क्यांच्या मिश्रणाला अठ्ठावीस मीटरांवर, आणि चाळीस टक्क्यांच्या मिश्रणाला पंचवीस मीटरांवर. हवा जितकी अधिक 'समृद्ध', तितका तिचा मालक उथळ पाण्यांत राहण्यास बांधलेला.

फ्लोरिडाच्या की लार्गो बेटापासून कांहीं मैलांवर 'स्पीगल ग्रोव्ह' नांवाचें अमेरिकन आरमाराचें जुनें जहाज समुद्राच्या तळाशीं आहे. त्यावर ही गोष्ट फार चांगली समजते. सुमारें १५५ मीटर लांबीचें हें जहाज पाणबुड्यांच्या हौसेसाठीं आणि माशांच्या निवाऱ्यासाठीं मे २००२ मध्यें मुद्दाम बुडविण्यांत आलें. पण तें वेळेआधींच उलटें होऊन बुडालें. मग पुष्कळ खटपट करून त्याला कुशीवर निजविलें. आणि जुलै २००५ मध्यें 'डेनिस' नांवाच्या चक्रीवादळानें त्याला अनायासें सरळ उभें केलें. माणसांना जें साधलें नव्हतें, तें वादळानें एका फेऱ्यांत करून दाखविलें. या जहाजाचा आरमारी क्रमांकही योगायोगानें ३२ हाच आहे. त्याचा वरचा भाग अठरा-वीस मीटरांवर लागतो, आणि तळची वाळू सुमारें एकेचाळीस मीटरांवर आहे. चोवीस मीटरांवर त्याच्या वरच्या मजल्यांभोंवतीं फिरणाऱ्याला बत्तीस टक्क्यांची हवा म्हणजे वरदानच. प्राणवायूचा दाब १.१ च्याही आंत राहतो, आणि २९ ऐवजीं ४५ मिनिटांची मुदत मिळते. पण जहाजाची कड ओलांडून, 'जरा खालचा पंखा पाहूं' म्हणून तोच मनुष्य वाळूकडे घसरला, तर तळाशीं पोहोंचतां पोहोंचतां प्राणवायूचा दाब १.६ च्याही वर जातो. छत्तीस टक्के घेतलेला असेल, तर १.८ च्या पलीकडे. तेथें भिंत नाहीं, दोरी नाहीं, पाटी नाहीं. पाणी वर जितकें निळें, तितकेंच खालीं निळें. साध्या हवेवर असलेला त्याचा सोबती त्याच ठिकाणीं फार तर आपला वेळ लवकर संपवून बसेल.

दुसरी अपेक्षा अधिक वेळाची. ती अर्धीच खरी कां, हें साध्या त्रैराशिकानें कळतें. बारा लिटरांच्या टाकींत दोनशे वातावरणांच्या दाबानें २,४०० लिटर वायु मावतो. चतुर्थांश राखीव ठेवला, तर खर्चण्यास १,८०० लिटर उरतात. नवखा, घाबरा, हातपाय झाडणारा मनुष्य पृष्ठभागाच्या मापानें मिनिटाला वीस लिटर घेतो असें धरा. तीस मीटरांवर तो चौपट, म्हणजे ऐंशी लिटर घेईल, आणि साडेबावीस मिनिटांत त्याची शिदोरी संपेल. त्याला कोष्टकानें एकोणतीस मिनिटें दिलीं काय अन् एकोणचाळीस दिलीं काय! अठरा मीटरांवर तर त्याची टाकी बत्तीस मिनिटांत रिकामी होते, आणि साध्या हवेची मुदतच छप्पन्न मिनिटांची आहे. दिवसाच्या पहिल्या बुडीला त्यानें समृद्ध हवेसाठीं दिलेले पैसे अक्षरशः पाण्यांत गेले. उलट संथ श्वास घेणारा, मिनिटाला चौदा लिटरांवर भागविणारा अनुभवी पाणबुड्या तीस मीटरांवर बत्तीस मिनिटें टिकतो. त्याला मिळालेलीं नऊ मिनिटें तो खरोखरच उपभोगूं शकतो. समृद्ध हवा टाकी मोठी करीत नाहीं, हें साधें सत्य टाकी विकत देणारा सहसा बोलून दाखवीत नाहीं.

शिवाय हा लाभ एकदांच खर्च करतां येतो. नत्र कमी झाला त्याचा मोबदला जास्त वेळ राहून घेतला, तर बेंड्सचा धोका साध्या हवेइतकाच उरतो. वेळ साध्या हवेच्या कोष्टकाचाच पाळला, तर धोका कमी होतो. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानें स्थूल किंवा फार दिवसांनीं पाण्यांत उतरणाऱ्या माणसानें दुसरा मार्ग धरणें अधिक शहाणपणाचें. तरुणांना तो कंजूषपणाचा वाटतो, त्याला इलाज नाहीं.

खोल पाण्यांत नत्रामुळें मद्यपानासारखी जी गुंगी येते, ती समृद्ध हवेनें उतरते असाही एक समज आहे. सिद्धान्ताप्रमाणें प्राणवायुही जवळ जवळ तितकाच गुंगी आणणारा आहे, म्हणून त्या आशेवर विसंबूं नये. थकव्याची गोष्ट अधिक मौजेची आहे. समृद्ध हवेनंतर ताजेंतवानें वाटतें, असें सांगणारे पाणबुडे पुष्कळ भेटतात, आणि ते खोटें बोलत नसतात. परंतु ऑस्ट्रेलियांतील डॉक्टरांनीं अठरा मीटरांच्या दाबाच्या कोठडींत माणसांना कधीं साधी तर कधीं समृद्ध हवा देऊन तुलना केली, तेव्हां थकव्यांत फरक आढळला नाहीं. हा प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. माणसें थोडींच होतीं, म्हणून हा शेवटचा शब्द नव्हे. तरीही अधिक दाम मोजलेल्या वस्तूचा गुण येतोच, हा अनुभव वैद्यांच्या दुकानांतही नवीन नाहीं.

राहिली टाकी तपासण्याची बाब. येथें विरोधकांची जुनी भीति आजही खरी आहे. वायूला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. बत्तीस टक्के व चाळीस टक्के यांत जिभेला भेद कळत नाहीं. मिश्रण करणारा चुकूं शकतो, टाक्यांची अदलाबदल होऊं शकते. यासाठीं ज्याची टाकी त्यानेंच ती तपासावी, असा दंडक आहे. हातांत मावेल असें एक यंत्र असतें. आधीं तें साध्या हवेवर २०.९ दाखवितें याची खात्री करावयाची, मग टाकीचा वायु सावकाश त्यावरून जाऊं द्यावयाचा. आलेला आंकडा, त्यावरून निघणारी कमाल खोली, तारीख आणि स्वतःचीं आद्याक्षरें चिकटपट्टीवर लिहून ती टाकीवर लावावयाची, वहींत सही करावयाची, आणि तोच आंकडा मनगटावरच्या गणकयंत्रांत घालावयाचा. या सर्वाला पांच मिनिटेंही लागत नाहींत. नाव सुटावयाची घाई असते, वाटाड्या ओळखीचा असतो, 'कालच्याच टाक्या आहेत' असें कोणी म्हणतो, आणि नेमकीं हींच पांच मिनिटें वगळलीं जातात. शिक्षकानें तपासली म्हणून शिष्यानें तपासूं नये, ही गुरुभक्ति येथें उपयोगाची नाहीं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवण-तारकर्लीकडे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरांत, पुष्कळ कुटुंबें आतां पाण्याखालची पहिली ओळख करून घेतात. नवख्यांना तेथें थोडक्या मीटरांवरच उतरवितात. दहा मीटरांवर साध्या हवेची मुदत कोष्टकाप्रमाणें २१९ मिनिटें आहे आणि टाकी त्याच्या कितीतरी आधीं संपते. तेव्हां तेथें समृद्ध हवेला कांहींच काम नाहीं. अंदमानांत स्वराज द्वीपाच्या आसपास, वीस-तीस मीटरांवर, चार-पांच दिवस रोज दोन-तीन बुड्या मारावयाच्या असतील, तर प्रश्न निराळा; तेथें ही विद्या रीतसर शिकून घेतलेल्याला ती उपयोगी पडेल. मात्र तेथून परततांना विमान असतें, आणि वर हवेचा दाब कमी असल्यामुळें अंगांतील उरलासुरला नत्र तेथेंही बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडूं पाहतो. अनेक बुड्यांनंतर विमानांत बसण्यापूर्वीं निदान अठरा तास जाऊं द्यावे, असा सर्वमान्य सल्ला आहे. समृद्ध हवा वापरली म्हणून या अठरा तासांतील एकही तास कमी होत नाहीं. तिकीट काढतांनाच शेवटचा दिवस कोरडा धरून ठेवावा लागतो.